‘तंतुक’चं वाक्य

ता. ४ जून

मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच बाजूला सारलं असतंस. म्हणून पत्ता छापून घेतला, तोही तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीचा, आणि कोपऱ्यात ‘शब्दासंबंधी चौकशी’ असं घातलं. हे खोटं नाही. मला खरंच एक शब्द विचारायचा आहे, आणि तो विचारावा असं माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय कोणी नाही.

शब्द आहे ‘तंतुक’. एका रुग्णाच्या अहवालात आला, अहवाल आमच्याच प्रयोगशाळेतला. तंतू म्हणजे धागा, एवढं मला कळतं. सव्वीस वर्षं माणसांच्या शरीराचे काप काढतो आहे, धागे पुष्कळ पाहिले. पण तंतुक म्हणजे नेमकं काय, हा शब्द कुणी केला, कुठून आला, हे कुणाला सांगता येईना. आमच्या नव्या डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तंतूहूनही बारीक, झालं. त्यांच्यामागे कामं असतात. गावच्या शाळेत आमचे मास्तर सांगायचे, मूळ ठाऊक नसलेला शब्द वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं. ते वळण काही जात नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांच्या वतीने ती कुरकुरते. माझं टेबल बदललं. आता यंत्रावर नसतो, नोंदणीच्या खिडकीत बसतो आणि आलेल्या बाटल्यांवर नंबर घालतो. काम हलकं आहे. काकू म्हणते, बरं झालं, आता तरी कांदा डोळ्यांना दिसेल असा चिरतील. तुला आठवत असेल, मी चिरलेला कांदा भाजीत भिंग लावून शोधावा लागतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

उत्तर सवडीने दे. घाई नाही.

काका


ता. २९ जून

मुंगी,

चिठ्ठी मिळाली. वर ‘महोदय’ आणि खाली कचेरीचा शिक्का. चालेल. तीन वर्षांत तुझ्या हातचं एवढंही आलं नव्हतं.

तू लिहिलेलं मी चार-पाच वेळा वाचलं. लॅटिनमधला ‘फिब्रा’ म्हणजे धागा. त्याचं लहान रूप ‘फिब्रिला’, म्हणजे धाकुटा धागा. ते जुन्या लॅटिनमधलं नाही, शरीर चिरून बघणाऱ्या विद्वानांनी पुढे कधीतरी घडवलेलं, आणि त्यावरून आपल्याकडे तंतूचा तंतुक केला. फिब्राचं स्वतःचं मूळ मात्र पक्कं सापडत नाही, हे तू सरळ कबूल केलंस ते मला आवडलं. त्याखालची ओळ वाचून हात थांबला. त्या काळचे पुरोहित बळी दिलेल्या जनावराचं काळीज बाहेर काढायचे, त्याच्या कडांना आणि धाग्यांना हाच शब्द वापरायचे, आणि त्या पाहून पुढचं भविष्य सांगायचे.

सव्वीस वर्षं मी तेच करतो आहे आणि मला कुणी सांगितलं नाही.

शेवटी तू लिहिलंस, आमचं काम सध्या ‘ड’पाशी आहे, ‘त’ यायला अवकाश आहे, पण शब्दाचा अर्थ वापरावरून ठरतो, तेव्हा तो ज्या वाक्यात आला ते वाक्य पाठवा.

वाक्य पाठवतो. आधी थोडं कामाचं सांगतो, नाहीतर ते कळायचं नाही.

आमच्याकडे शरीराचा तुकडा येतो तो तांदळाच्या दाण्याएवढाही असतो. तो मेणात बसवायचा, मेणाची वडी यंत्रात लावायची आणि चाक फिरवायचं. एका फेऱ्याला पात्यावरून एक काप उतरतो. आमची मापं मायक्रॉनमध्ये. नेहमीचा काप तीन मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाला उभं चिरून वीस पापुद्रे केले तर त्यातला एक. तो कोमट पाण्यावर सोडायचा, पसरला की काचेवर उचलायचा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मी मनात देवाचं नाव घेत आलो. भक्ती म्हणून म्हण, किंवा लय सांभाळायची युक्ती म्हण. दोन्ही खरं आहे. माझ्यासारखा पातळ काप आसपासच्या कुठल्याच प्रयोगशाळेत निघत नाही, असं जुने डॉक्टर म्हणायचे. ते आता हयात नाहीत.

पण एक तपासणी अशी आहे की तिथे काप जाड लागतो. शरीरातलं एक प्रथिन कधी कधी बिघडतं, त्याचे हे तंतुक होतात आणि नसांमध्ये, हृदयात साचत जातात. त्यांना एक लाल रंग चढतो, आणि विशिष्ट उजेडाखाली धरलं की ते कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकतात. एकटा तंतुक आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही. ढीग असावा लागतो. म्हणून काप आठ-दहा मायक्रॉनचा घ्यायचा. पातळ घेतला तर रंग फिका पडतो, हिरवं दिसत नाही, आणि वर डॉक्टर लिहितात, काही आढळलं नाही.

एका रुग्णाच्या बाबतीत असं झालं. प्रयोगशाळेकडून चूक झाली. सहा वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. त्याच्या अहवालात हा शब्द आता आला, तेव्हा यायला हवा होता.

अक्षर मोठं येतं आहे, त्याकडे लक्ष देऊ नको. पेन जाड आहे.

काका


ता. १८ जुलै

मुंगी,

उत्तर नाही. माझीच चूक. वाक्य मागितलं होतंस आणि मी मेणाच्या वड्या दाखवत बसलो.

तो रुग्ण म्हणजे दादा. तुझे बाबा.

आता हे पत्र खाली ठेवू नको, पुढचं वाचायलाच हवं.

जानेवारीत डॉक्टरबाईंना शिकवायला काही जुने नमुने हवे होते. निदान न झालेल्या माणसांच्या नसांच्या वड्या काढायला त्यांनी मला सांगितलं. आमच्याकडे वड्या वर्षानुवर्षं जपतात. यादीतला सातवा नंबर मला पाठ होता. बाकीच्यांबरोबर त्याचेही काप काढले, या खेपेला जाड, लाल रंग चढवला आणि नेऊन दिले. दुपारी त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर दोघांनी बघायची सोय आहे. दुसऱ्या बाजूने मी डोळा लावला. पायाच्या घोट्यापासून काढलेली ती नस, आणि तिच्यात सगळीकडे ते हिरवं.

“हा माणूस आहे का अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“घरचे?”

“शोधतो.”

एवढंच बोललो आणि नोंदवही घेऊन बाहेर आलो.

आता दादाचं सगळं उलटं वाचून बघ. पाय जळतात म्हणायचा, पायाखाली भुसा पसरल्यासारखं लागतं म्हणायचा. उभं राहिलं की घेरी. वजन उतरलं. पाट्या रंगवता रंगवता शिडीवरून दोनदा पडला. ‘दवाखाना’ या शब्दातला वा पहिल्यांदा वाकडा आला तेव्हा गिऱ्हाइकाने त्याला हसत विचारलं, पेंटरसाहेब, सकाळीच का? कपड्यांना टर्पेंटाइनचा वास कायमचा, त्यामुळे जवळ येणाऱ्यालाही खात्री पटायची. मग ही तपासणी झाली, अहवाल निर्मळ आला, आणि निर्मळ अहवालाचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला. मी काढला, काकूने काढला, तूही काढलास. चोवीस-पंचवीसची होतीस. तुझ्या कचेरीच्या जिन्यात, सगळ्यांच्या देखत तो कोसळला, आणि तू त्याला म्हणालीस, “बाबा, निदान इथं तरी पिऊन येऊ नका.” दादा तसाच उठून निघाला. घरी येऊन मला सांगितलं, पोरीला लाज वाटली, वाटणारच. त्याच महिन्यात तू दुसऱ्या गावची नोकरी धरलीस.

आमचे आजोबा असेच डुलत चालायचे. गावाने त्यांचं नाव ‘झोपाळा’ ठेवलं होतं. त्यांनी जन्मात कधी थेंब घेतला नव्हता.

हे आजारपण रक्तातून खाली उतरतं, मुंगी. बापाला असेल तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. सुरुवातीलाच कळलं तर रोखणारं औषध आता आहे, सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. रक्ताची एक तपासणी आहे. सोबत डॉक्टरबाईंचं पत्र आणि तुझ्या शहरातल्या रुग्णालयाचा पत्ता जोडला आहे. बोटांत मुंग्या येतात का, हातातून वस्तू सुटतात का, हे मी विचारत नाही. विचारायचा हक्क नाही. तू फक्त रक्त दे.

सुधारलेला अहवाल दादाच्या नोंदलेल्या पत्त्यावर, म्हणजे आपल्याच घरी, फेब्रुवारीत आला. तो चार महिने माझ्या कपाटात शर्टांखाली होता. काकूला इस्त्रीचे कपडे ठेवताना सापडला. तिला त्यातलं अर्धंअधिक कळलं नाही, पण ‘रक्ताच्या नातेवाइकांनी’ एवढं कळलं. तिने आदळआपट केली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, “तुम्ही सांगताय, का मी जाऊ?” जूनच्या चार तारखेचं पत्र त्यानंतरचं. त्यातही मी शब्दाच्या आडच लपलो.

तू मागितलेलं वाक्य असं: ‘नसेच्या कापात तंतुकांचे साठे आढळले, पूर्वीचा काप पातळ असल्याने ते दिसले नव्हते.’

तपासणी करून घे.

काका


ता. ९ ऑगस्ट

मुंगी,

तुझी चिठ्ठी आली. या खेपेला शिक्का नाही, महोदयही नाही. एकच ओळ: ‘काप कोणी काढला होता?’

मी.

हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पण लिहायला बसलं की हात रुग्णाकडे जायचा, मग प्रयोगशाळेकडे जायचा, मग जुन्या डॉक्टरांच्या नजरेकडे. ते वारले, त्यांच्यावर काहीही टाकता येतं. डॉक्टरबाईंना आजही वाटतं की जुन्या डॉक्टरांच्या नजरेतून निसटलं. मी त्यांची समजूत मोडलेली नाही.

मला नियम ठाऊक नव्हता असं समजू नको. यंत्रावर, भिंतीवर, माझ्या डोळ्यांसमोर तो लावलेला आहे, आणि अक्षर दादाचंच आहे. प्रयोगशाळेच्या पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. ‘लाल रंगासाठी काप जाड.’ पांढऱ्यावर काळं, खाली एक बारीक रेघ, त्याच्या सवयीची. त्या दिवशी कागदावरही तसं लिहिलेलं होतं.

नस धाग्याएवढी होती. जाड काप कसा निघतो हे तुला माहीत नाही. सुरकुततो, कडेला फाटतो, काचेवर वेडावाकडा बसतो. माझ्या हातचं ते सगळ्यात ओंगळ काम. आणि ही दादाची नस होती. ज्याने मला पाटीवर अ काढायला शिकवलं, मला शाळेत ठेवायचं म्हणून जो स्वतः सातवीत शाळा सोडून ब्रश धरून बसला, त्याचा तो तुकडा. मला वाटलं, दादाचं काम असं वेडंवाकडं वर जाऊ नये. त्याचं चांगलंच व्हायला हवं. यंत्राचा काटा मी तीनवर आणला. नाव घेत चाक फिरवलं. असा काप माझ्या हातून ना आधी निघाला, ना नंतर. पाण्यावर सोडला तर दिसेना, नुसता उजेड हलल्यासारखा झाला. मी तो काचेवर उचलला आणि मला अभिमान वाटला. हे लिहायलाच हवं, कारण खरं तेवढंच आहे. दुर्लक्ष नव्हतं, घाई नव्हती. तेव्हा मनात भाव होता, आणि त्या भावानेच दादा मेला.

रंगाची परीक्षा म्हणून शेजारी एक ओळखीचा नमुना ठेवतात. तो जाड होता, तो हिरवा चमकला. म्हणजे रंग बरोबर, म्हणजे दादात काही नाही. जुने डॉक्टर मला म्हणाले, काप सुंदर आहे हो.

दादाने हट्ट धरला असता तर पुन्हा तपासणी झाली असती. त्याने धरला नाही. मी एकदा म्हटलं, दुसरीकडे दाखवू या. तेव्हा तो खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. म्हणाला, “दाखवायचं काय राहिलं? काप तू काढलास. तुझा हात खोटं बोलेल होय? माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

पुढची अडीच वर्षं तो तसंच मानत जगला, की खोट आपल्यातच आहे. शेवटी शेवटी जिना चढताना कठडा धरायचा आणि मला बघून सोडायचा.

आणि त्याला पोचवून आलो त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी तुला काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुलाही आठवतं, म्हणून तर तू गेलीस. “आता रडून काय होणार? बापाला दारुडा ठरवलंस तिथेच तो खचला.” तू काकूकडे बघितलंस, तिने मान खाली घातली. मग तू चपला शोधल्यास. इतक्या चपलांत तुझ्या सापडेनात, त्या मीच पायाने पुढे सरकवल्या.

ते वाक्य मी परत घेतो. परत घेऊन ते न बोलल्यासारखं होत नाही, हे कळतं. पण दादाला खचवणारी तू नव्हेस. तू मायक्रॉनभरसुद्धा काही वावगं केलं नाहीस. अहवालावर विश्वास ठेवलास, एवढंच, आणि त्या अहवालावर सगळ्यांनीच ठेवला.

आणखी एक गोष्ट दडवली आहे. टेबल बदललं ते काम हलकं व्हावं म्हणून नाही. मार्चमध्ये वडी बसवताना पात्याने माझं बोट कापलं आणि मला कळलंच नाही. मेण लाल झालेलं दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टरबाई तिथेच होत्या. त्यांनी सुईचं टोक लावून बघितलं, दोन बोटं, मग चार. मग विचारलं, यादीतला सातवा तुमचा कोण? तेव्हा मी भाऊ म्हणालो. माझं रक्त तपासलं. मला आहे. औषध सुरू केलंय. पेन जाड नाही, मुंगी.

उद्या डॉक्टरबाईंना कापाचं सांगणार आहे. आधी तुला कळायला हवं होतं.

देवाला मी काही विचारत नाही. त्याने नियम डोळ्यांसमोर लावून ठेवला होता, माझ्याच भावाच्या हातून. यापेक्षा स्पष्ट तो आणखी काय सांगणार होता?

रक्त दे. माझ्यावर राग आहे म्हणून द्यायचं टाळू नको. राग ठेव, आणि रक्त दे.

काका


ता. २ नोव्हेंबर

मुंगी,

तुला माझं ऑगस्टचं पत्र मिळालं असेल, त्याला उत्तर नव्हतं, म्हणून मधल्या काळात लिहिलं नाही. रोज पोस्टमन यायच्या वेळेला काकू बाहेर काहीतरी काम काढते. झाडांना इतकं पाणी घातलं की एक कुंडी कुजली.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी एक कागद पुढे केला, म्हणाल्या, इथे लिहून द्या, जसं झालं तसं. मी लिहून दिलं. तो आता दादाच्या अहवालाला जोडलेला आहे. सव्वीस वर्षांतल्या अशा सगळ्या वड्या पुन्हा काढून जाड कापायला घेतल्या आहेत, माझ्या जागी आलेली मुलगी कापते. आत्तापर्यंत एकशे चाळीस झाल्या. बाकी सगळ्यांचे काप मी नियमाप्रमाणे जाडच काढले होते. पातळ निघाला तो एकच.

नोंदणीच्या खिडकीतून मला तिच्या चाकाचा आवाज येतो. ती नाव घेत नाही, गाणं गुणगुणते. काप चांगले निघतात.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो. पण खोटं लिहायचं आता सोडलं आहे. बघतो.

काका


ता. ११ फेब्रुवारी

मुंगी,

लिफाफा काल आला. आत शब्दकोशाच्या एका पानाचं मुद्रित, छपाईआधी तपासायला काढतात ते. तू ‘त’पाशी पोचलीस.

मी आधी नोंद वाचली. चौथ्या ओळीत आहे. ‘तंतुक: अतिसूक्ष्म तंतू, शरीरात बिघडलेल्या प्रथिनाच्या साठ्यांत आढळणारा.’ मग मुळाबद्दलची ओळ, फिब्रा आणि फिब्रिला. काळजाच्या कडा बघणारे ते पुरोहित तू दोन शब्दांत बसवलेस. त्याच्यापुढे, तिरक्या अक्षरात, वापराचं वाक्य:

‘काप पातळ असल्याने तंतुक दिसले नाहीत.’

मग पान उलटलं. मागे पेन्सिलने तू लिहिलंस, दोन ठिकाणी अक्षर कागदाबाहेर गेलेलं:

‘मला आहे. डाव्या हातापासून सुरुवात. औषध सुरू केलं, वेळेत आहे म्हणतात. मुलगी साडेतीन वर्षांची. डॉक्टर म्हणाले, तिचं रक्त आत्ता घेत नाहीत, ती मोठी झाली की तिचं तिने ठरवायचं. नोंदीत काही बदल हवा असल्यास कळवा. पान शुक्रवारी छपाईला जाईल.’

तुला मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. दादा गेला तेव्हा ती तुझ्या पोटात असणार. मी चपला पुढे सरकवल्या तेव्हाही.

काकूला पान वाचून दाखवलं. मुलीच्या ओळीपाशी ती उठली, आत गेली, नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. बाहेर येऊन तिने एकच विचारलं, नाव नाही लिहिलं? मी म्हटलं, नाही. त्यावर ती म्हणाली, “लिहील तेव्हा लिहील. तुम्ही विचारू नका.”

मी विचारत नाही.

ती शिकलीसवरली की कधीतरी हा कोश हातात घेईल. आपल्या आईचं काम म्हणून पानं चाळेल. शब्द वाचेल, वाक्य वाचेल, आणि कुणाचा काप, कुणी काढला, हे तिला त्यात सापडणार नाही. ते तिला तू सांग. तू नाही सांगितलंस तर ही पत्रं दे. फाडली नसशील तर.

नोंद तपासली. शब्दाचा अर्थ बरोबर आहे. मूळ तू सांगितलंस तसंच. वाक्यात काही बदल नको.

तसंच छाप.

काका